गच्चीवरून सूर्याचे फोटो: घरगुती स्पेक्ट्रोहेलिओग्राफ परवडेल का?

मुलुंडचा_रिकामटेकडा

नमस्कार मंडळी. पाऊस आता जायच्या बेतात आहे म्हणून हा धागा. माझ्याकडे ६० मिमीची, ४०० फोकल लेंग्थची साधी दुर्बीण आहे, पुढे सोलर फिल्म लावून सूर्यावरचे डाग बघतो, बिल्डिंगमधल्या पोरांना दाखवतो, पण डाग किती वेळा बघणार. मला ते कडेला उसळलेले लोळ आणि चकतीवरचे काळे धागे बघायचेत, म्हणजे हायड्रोजन अल्फा, हायड्रोजनच्या एका ठराविक लाल रंगातला सूर्य. तयार दुर्बिणींचे भाव काढले तर बरी म्हणावी अशी वस्तू लाखाच्या पुढेच सुरू होते, आणि आमच्या घरी लाखाचा विषय काढला तर मलाच कायमचं गच्चीवर राहायला पाठवतील.

तर मग सोल-एक्सबद्दल वाचलं, म्हणजे घरी जुळवायचा स्पेक्ट्रोहेलिओग्राफ, वर्णपटातून सूर्याचं चित्र काढणारं यंत्र. ख्रिस्तियान बुइल म्हणून एक फ्रेंच गृहस्थ आहेत त्यांचं डिझाइन, डबा थ्रीडी प्रिंटरवर छापायचा, आत एक बारीक फट, दोन लेन्स, एक ग्रेटिंग (बारीक रेषा कोरलेली, रंग फाकवणारी पट्टी) आणि मागे छोटा कॅमेरा. फायली नेटवर आहेत, सॉफ्टवेअरही फुकट. ऐकायला सोपं वाटतं म्हणूनच शंका येतेय. कोणी मुंबईत केलंय का? लॅमिंग्टन रोड, चोर बाजार, बोरा बाजार फिरून यातलं किती गोळा होईल? ट्रॅकिंग करणारा, म्हणजे सूर्यामागे आपोआप फिरणारा माउंट माझ्याकडे नाही, साधा तिवई स्टँड आहे. बजेट चाळीस हजार (घरी पंचवीस सांगितलंय, कोणी स्क्रीनशॉट काढू नका).

कट्ट्यावरचा_बाब्या

सूर्याचा फोटो काढायला एवढं? मे महिन्यात आमच्या मोबाईलवर काहीही काढलं तरी सूर्यच येतो, सगळा पांढरा.

पार्लेकर

वाचतोय. जाणकार येतीलच.

कृत्तिका

आले :)

गेल्या थंडीपासून वापरतेय, बोरिवलीत, सातव्या मजल्याच्या गच्चीवर. आधी हे यंत्र करतं काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं हा एखादा फिल्टर आहे. तसं नाहीये. हा कॅमेरा सूर्याचा फोटो काढतच नाही, तो सूर्याच्या एका अतिबारीक पट्टीचा वर्णपट घेतो. दुर्बीण सूर्याची प्रतिमा फटीवर पाडते. प्रतिमेचा व्यास म्हणजे फोकल लेंग्थ भागिले साधारण १०९, म्हणजे तुमच्या ४०० मिमीला ३.७ मिमी, आणि फट ४.५ मिमी उंचीची असते, त्यामुळे अख्खा सूर्य मावतो. फटीची रुंदी १० मायक्रॉन. तिच्यातून आलेला प्रकाश ८० मिमीच्या लेन्सने समांतर होतो, ग्रेटिंगवर पडतो (मिमीला २४०० रेषा), तिथे रंग फाकतात आणि १२५ मिमीची लेन्स त्यातला तांबड्याचा एक छोटा तुकडा कॅमेऱ्यावर आणते. मधोमध ६५६.२८ नॅनोमीटरची जाड काळी रेघ दिसते, ती आपली हायड्रोजन अल्फा. आता सूर्य फटीवरून सरकू द्यायचा आणि व्हिडिओ घेत राहायचं, झेरॉक्स मशीनचा दिवा कागदाखालून सरकतो तसं. नंतर सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधून फक्त त्या काळ्या रेघेवरचा एक स्तंभ उचलतं आणि शेजारी शेजारी मांडतं. सूर्य तयार.

माउंट नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. पृथ्वी फिरतेय ना, तिला भाडं नाही. सूर्य फटीच्या एका बाजूला ठेवायचा आणि गप्प बसायचं, दोन मिनिटांच्या थोडं वर लागतात आणि तो आपोआप ओलांडून जातो. फक्त फट त्याच्या सरकण्याला काटकोनात हवी, यातच नवीन माणसाचा सगळा घाम निघतो. फ्रेमचा वेग थोडा चुकला तर सूर्य अंड्यासारखा येतो पण सॉफ्टवेअर त्याला गोल करून देतं (व्हॅलेरी देस्नू यांचं इंटी वापरून बघा). आणि तुमची दुर्बीण साधी अ‍ॅक्रोमॅट (सगळे रंग नेमके एका जागी न आणणारी) असेल तरी काही बिघडत नाही, आपल्याला एकाच रंगाशी काम आहे.

आता वाईट बाजू. डोळा लावून बघायला काहीही नाही. लॅपटॉपवर नुसती काळी रेघ हलताना दिसते, चित्र नंतर. पाहुण्यांना गच्चीवर नेलंत तर ते दहा मिनिटांत चहा विचारतात.

मुलुंडचा_रिकामटेकडा

कृत्तिका, कसलं सोपं करून सांगितलंत! अख्ख्या नेटवर फिरलो पण तो स्तंभ उचलायचा भाग आत्ता डोक्यात शिरला. एक विचारू, १० मायक्रॉनची फट घरी होणार नाही का? दाढीची दोन पाती समोरासमोर चिकटवून केलेले व्हिडिओ बघितलेत.

टूलरूमवाला

बाळा, या प्रश्नासाठीच लॉगिन केलं. माझं सगळं आयुष्य ठाण्याला टूलरूममध्ये गेलं. पातं डोळ्याला सरळ दिसतं, मायक्रोस्कोपखाली धर, करवतीसारखे दाते दिसतील. आता हिशेब कर. फट १० मायक्रॉनची आणि पात्याच्या धारेला २ मायक्रॉनचा टवका, म्हणजे त्या जागी प्रकाश वीस टक्क्यांनी बदलला. आणि ती जागा प्रत्येक फ्रेममध्ये तीच, म्हणजे तुझ्या सूर्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ. असे टवके शेकड्याने असतात.

दुसरं, फट समांतर आहे हे कसं बघणार? फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी आपल्याकडे सहसा ०.०३ किंवा ०.०५ ची मिळते, म्हणजे ३० ते ५० मायक्रॉन, इथे तिचा उपयोग शून्य. त्यापेक्षा लाल लेझर पॉइंटर घे, फटीतून मार आणि १ मीटरवरच्या भिंतीवर पाड. मधला उजेडाचा पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूच्या काळोख्या जागांमधलं अंतर मोज. १३ सेंटीमीटर भरलं तर फट १० मायक्रॉन आहे. साडेसहा भरलं तर २०. फट जितकी बारीक तितका पट्टा रुंद, उलटं आहे. आणि लेझर फटीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरकवताना पट्ट्याची रुंदी बदलली तर पाती समांतर नाहीत.

पात्याने शिकायला कर, मजा येते. पण खरं चित्र हवं असेल तर काचेवर क्रोमचा थर देऊन त्यात कोरलेली तयार फट विकत घे. फट आणि ग्रेटिंग या दोन गोष्टींत कंजुषी करू नको, बाकी सगळं घरचं चालेल.

पार्लेकर

१३ सेंटीमीटरवाली ट्रिक आत्ता करून बघितली (फट म्हणजे दोन जुने ब्लेड आणि सेलोटेप). माझा पट्टा जेमतेम २ सेमी आला. काका, तुम्ही रोज लिहीत जा.

चिंटूचे_बाबा

साधा प्रश्न. पुढे एक्स-रे फिल्म लावली तर? घरी सासऱ्यांच्या गुडघ्याच्या भरपूर आहेत.

कृत्तिका

नको! एक्स-रे फिल्म, सीडी, फोटोची निगेटिव्ह, एकावर एक चार गॉगल, यातलं काहीच सूर्यासाठी नाही. डोळ्याला कमी दिसतं म्हणजे इन्फ्रारेड अडलं असं होत नाही, आणि डोळ्याच्या पडद्याला दुखत नसल्यामुळे भाजलेलं तेव्हा कळतही नाही.

या यंत्राच्या बाबतीत अजून एक घोळ आहे, तो सगळ्यांनीच लक्षात ठेवा. डोळ्याने बघायच्या सोलर फिल्मने प्रकाश लाखपट कमी होतो, ती इथे लावली तर फटीतून आणि ग्रेटिंगवरून जाऊन कॅमेऱ्याला काही उरतच नाही. म्हणून पुढे फोटोग्राफीचा एनडी फिल्टर (सगळे रंग सारखेच कमी करणारी करडी काच) लावतात, तो खूप कमी अडवतो. म्हणजे हीच दुर्बीण, ज्यातून काल पोरांनी डाग बघितले, ती आज डोळ्यासाठी धोकादायक आहे. मी यंत्र बसवलं की आयपीसचा डबा कुलपात ठेवते आणि शोधक दुर्बीण काढूनच टाकते. नेम धरायला सावली बघायची, नळीची सावली जमिनीवर सगळ्यात लहान झाली की सूर्य समोर.

चिंटूचे_बाबा

बरं बरं. गुडघे परत कपाटात.

हिशेबनीस

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं पण कोणीतरी विचारायला हवं म्हणून विचारतो. गाँग नावाचं सूर्य बघणाऱ्या दुर्बिणींचं जागतिक जाळं आहे, त्यातलं एक केंद्र आपल्या उदयपूरला आहे, तिथून हायड्रोजन अल्फाचे फोटो रोज नेटवर येतात. फुकट. वर आपण आदित्य-एल१ यान पाठवलं, ते ६ जानेवारी २०२४ पासून अंतराळात एल१ बिंदूपाशी बसून चोवीस तास सूर्यच बघतंय. मग मुलुंडच्या गच्चीवरून, कारखान्यांच्या आणि मेट्रोच्या धुळीतून, चाळीस हजार खर्चून तेच परत काढायचं? एसआयपी सुरू करा.

कट्ट्यावरचा_बाब्या

हिशेबनीस, तुम्ही वडापाव तरी खाता का हो? फोटो नेटवर फुकट असतात.

कृत्तिका

हिशेबनीसांचा प्रश्न रास्त आहे. पण आदित्यवरची सूट ही दुर्बीण (पुण्याच्या आयुकाने बनवलेली) २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये बघते, अतिनील आणि त्याच्या काठावरचं. हायड्रोजन अल्फा तिच्या हद्दीबाहेर. उदयपूरचं मात्र बरोबर, ते फोटो चांगलेच असतात.

फरक असा की ते फोटो म्हणजे एक तयार चित्र, आणि माझ्याकडे प्रत्येक बिंदूचा वर्णपट असतो. १० मायक्रॉनच्या फटीला यंत्र वेगळी काढतं ती रंगाची पट्टी साधारण ०.१५ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) रुंद पडते, तयार छोट्या दुर्बिणींमध्ये ती ०.५ ते १ असते. मग त्याच व्हिडिओतून रेघेच्या मधला स्तंभ न उचलता जरा डावीकडचा (निळ्या बाजूचा) उचलला की आपल्याकडे येणारा वायू, उजवीकडचा (तांबड्या बाजूचा) उचलला की लांब जाणारा, कारण वायूच्या वेगाने रेघ सरकते. दोन्हींची वजाबाकी केली की सूर्याची एक कड उजळ आणि दुसरी काळी दिसते, कारण सूर्य स्वतःभोवती फिरतोय, विषुववृत्तावर सेकंदाला साधारण २ किलोमीटर. कॅमेऱ्यावर हे सरकणं एका पिक्सेलपेक्षाही कमी आहे आणि तरी निघतं! बोरिवलीच्या गच्चीवरून मी सूर्य फिरताना मोजला, हे मला कुठल्या एसआयपीने दिलं नसतं.

हिशेबनीस

एका पिक्सेलपेक्षा कमी?? हे कसं निघतं?

कृत्तिका

रेघ रुंद असते, अनेक पिक्सेलवर पसरलेली. तिच्या दोन्ही उतारांवरची उजेडाची पातळी मोजायची. रेघ किंचित सरकली तरी एका उतारावर उजेड वाढतो, दुसऱ्यावर कमी होतो.

हिशेबनीस

हं. एसआयपीचं वाक्य मागे. एक महिन्याचा हप्ता चुकवायला हरकत नाही.

सायली_मॅडम

मी दादरच्या शाळेत विज्ञान शिकवते, आमचं बजेट चाळीस हजार नाही, चाळीस रुपये असतं, म्हणून त्याच्यातलं सांगते. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवून मध्ये ५ मिमीचं भोक ठेवायचं, आरसा उन्हात, आणि त्याचा कवडसा अंधाऱ्या वर्गात १० मीटरवरच्या भिंतीवर पाडायचा. वर कृत्तिकाताईंनी सांगितलेला तोच १०९ चा भागाकार लागू होतो, ९ सेंटीमीटरचा सूर्य भिंतीवर येतो. ग्रहणात तर याच्यासारखी मजा नाही, वर्गातल्या साठ पोरांना एकदम दिसतं आणि कोणाला वर बघायचंच नसतं.

वर्णपटासाठी जुनी डीव्हीडी. सीडीच्या मिमीला ६२५ रेषा, डीव्हीडीच्या साधारण १३५०, त्यामुळे डीव्हीडीचे रंग जास्त फाकतात. बुटाच्या खोक्याला फट पाडून, ढगावरून येणाऱ्या उजेडाकडे (थेट सूर्याकडे नाही!) धरलं तर सौरवर्णपटातल्या काळ्या रेघा दिसतात. पोरं विचारतात मॅडम हे रंग मध्येच कोणी खाल्ले. इथून पुढे शिकवायला काही लागत नाही.

मुलुंडचा_रिकामटेकडा

मॅडम हे करणारच. डीव्हीडी यंत्रात ग्रेटिंग म्हणून चालेल का मग?

टूलरूमवाला

नाही. तिच्या रेषा सरळ नसतात, गोल फिरतात. बघायला ठीक, चित्र काढायला नाही.

देवगडचा_हापूस

अवांतर आहे पण सूर्य आणि वर्णपट म्हटल्यावर गप्प बसवत नाही. हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्गावर लागला! १८६८च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने किल्ल्यावर दुर्बिणी मांडल्या, ते साहेबाचे कट्टे अजून आहेत, कोणीही येऊन बघा, वर आमच्याकडे मासे चांगले मिळतात.

दप्तरदार

माशांबद्दल दुमत नाही. बाकी १८ ऑगस्ट १८६८ला लॉकियर इंग्लंडमध्ये होता. त्या ग्रहणात फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. ५८७.६ नॅनोमीटरची ती पिवळी रेघ सोडियमच्या शेजारी असूनही सोडियमची नव्हती, त्यावरून हेलियम. लॉकियर विजयदुर्गला आला हे शंभर टक्के खरं, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. तोवर रॅम्सेने १८९५ मध्ये पृथ्वीवरसुद्धा हेलियम शोधून झाला होता.

त्याच १८९८च्या ग्रहणात आपले प्रोफेसर कावसजी नायगमवाला जेऊरला दुर्बिणी घेऊन होते, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा त्यांचीच. ती बंद झाल्यावर उपकरणं कोडाईकनालला गेली. त्यांचं नाव कोणी घेत नाही, साहेबाचे कट्टे मात्र सगळ्यांना पाठ.

देवगडचा_हापूस

म्हणजे साहेब खरा, कट्टे खरे, फक्त साल तीस वर्षांनी चुकलं. कोकणात एवढं चालतं.

कृत्तिका

अवांतर नाहीच आहे हे! जान्सेनने गुंटूरला ग्रहण संपल्यावर दुसऱ्या दिवशी काय केलं माहितीये का, भर उन्हात स्पेक्ट्रोस्कोपची फट सूर्याच्या कडेवर ठेवली आणि ते लाल लोळ ग्रहण नसतानाही दिसले. फट जागा बदलत फिरवली की लोळाचा आकार कळतो. तीच कल्पना पुढे १८९०च्या सुमारास अमेरिकेत हेल आणि फ्रान्समध्ये देलांद्र यांनी यंत्रात बसवली, फोटोच्या काचेसकट, तो स्पेक्ट्रोहेलिओग्राफ. कोडाईकनालला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून याच पद्धतीने कॅल्शियमच्या रेघेत सूर्याचे फोटो घेतले. म्हणजे आपण गच्चीवर काही नवीन करत नाही, फक्त काचेच्या जागी कॅमेरा आणि पितळेच्या जागी प्लॅस्टिक आलं. आणि हो, ती हेलियमची पिवळी रेघसुद्धा या यंत्रात निघते, सूर्याच्या कडेबाहेर लोळ असेल तेव्हा. जरा झगडावं लागतं.

चेंबूर_मेकर

प्लॅस्टिकवरून आठवलं. पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक) छापू नका. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि काळा डबा गच्चीवर तासभर उन्हात राहिला तर मजल तिथवर जाते. ग्रेटिंगचा धारक केसभर वाकला की रेघ कॅमेऱ्याबाहेर. पीईटीजी प्लॅस्टिक घ्या, किंवा एबीएस जमत असेल तर ते. आतून काळा मॅट, बाहेरून पांढरी टेप नाहीतर स्वयंपाकघरातली फॉइल. भिंती जाड छापा, पातळ असल्या की उन्हात डबा आतून चक्क उजळतो. स्वतःचा प्रिंटर नसेल तर बाहेर ग्रॅमवर छापून देतात, फक्त सांगा की मापं महत्त्वाची आहेत, गणपतीचं मखर नाहीये.

पार्लेकर

लेन्स कुठून? चोर बाजारात गेल्या रविवारी जुन्या कॅमेऱ्यांच्या १३५ मिमीच्या एम-४२ (आट्यांच्या) लेन्स दिसल्या, भाव करून बाराशेला देत होता.

चेंबूर_मेकर

कॅमेऱ्यासमोरची १२५ची लेन्स आहे तिच्याजागी १३५ लावता येते, डब्याचं माप बदलावं लागेल. पण घ्यायच्या आधी मोबाईलचा टॉर्च मागून मारून बघ, आत कोळ्याचं जाळं दिसलं तर बुरशी आहे. आपल्या हवेत जुनी लेन्स म्हणजे बुरशीचं माहेरघरच. आणि घरी आणल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, कपाटात नाही.

एक_सेक्रेटरी

बऱ्याच दिवसांनी चांगला धागा. मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे (शिव्या नंतर द्या). गच्चीची किल्ली मिळवायचा सरळ मार्ग सांगतो. अर्जात दुर्बीण लिहिलंत की समोरच्या विंगवाले हरकत घेणार, कोणाच्या खिडकीत बघतोय म्हणून. 'सौर निरीक्षण, सकाळी ८ ते १०' असं लिहा. आणि पहिल्याच रविवारी कमिटीतल्या सगळ्यांच्या नातवंडांना सूर्याचे डाग दाखवा, फिल्म लावून. नंतर किल्ली घरपोच येते. फक्त एप्रिल-मेमध्ये कुरडया-पापडांच्या वाटेला जाऊ नका, तिथे सेक्रेटरीचंही चालत नाही.

कृत्तिका

८ ते १० ही वेळ नुसती कमिटीसाठी नाही, सूर्यासाठीही तीच बरी. सिमेंटची गच्ची तापली की तिच्यावरची हवा उकळते आणि सूर्याची कड करवतीसारखी येते. आमच्याकडे साडेदहानंतर मी आवरतेच. पण फार लवकरही नको, सूर्य खाली असताना हवेचा जाड थर मध्ये येतो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहता आलं तर उत्तम, खाली ओलं गोणपाट टाकलं तर अजून बरं. धुरकं हायड्रोजन अल्फाला फारसं नडत नाही, लाल प्रकाश त्यातून बऱ्यापैकी येतो.

कट्ट्यावरचा_बाब्या

थोडक्यात सूर्य बघायचा तर गारव्याची जागा शोधायची. पटलं. मी एसीत बसून उदयपूर बघतो.

मुलुंडचा_रिकामटेकडा

मंडळी, धागा वर काढतोय. थंडी पडली (मुलुंडला पडते तेवढी) आणि यंत्र उभं राहिलं!

टूलरूमवाले काकांचं ऐकून फट, ग्रेटिंग आणि दोन्ही लेन्स बाहेरून मागवल्या, ड्युटी धरून पंचवीस हजार, कॅमेरा सेकंडहँड मोनो (कृष्णधवल) मिळाला अठराला, पीईटीजीत छपाई अडीच, एनडी फिल्टर, स्क्रू, केबल वगैरे सटरफटर दीड. म्हणजे सत्तेचाळीस. घरचा आकडा अजून पंचवीसच आहे.

फट काटकोनात आणायला जाम वेळ गेला. शेवटी असं केलं की सूर्याची वरची कड नुसती फटीच्या टोकाला लावून बघायची आणि सूर्य सरकताना ती कड वरखाली होत नाही ना ते लॅपटॉपवर बघायचं, झाली तर अख्खा डबा किंचित फिरवायचा. मग पहिला स्कॅन नीट लागला, इंटीने चक्र फिरवलं आणि स्क्रीनवर सूर्य आला, मधोमध काळा वाकडातिकडा धागा आणि उजव्या कडेला लोळ. बायको म्हणाली हे तूच काढलंस? लोळाचा आकार सांगितला, त्यात पृथ्वी कितीदा मावेल ते सांगितलं, तर म्हणाली बाकीच्यांना पण बोलव. त्यामुळे पैशांचा विषय सध्या लांबला.

आता तीन तक्रारी. आडव्या बारीक रेघा आहेत, सगळ्या चित्रभर. वर्णपटातली काळी रेघ सरळ नाही, कंसासारखी वाकलीये. आणि चित्र आरशातलं आहे का सरळ तेच कळत नाही, लोळ नक्की कुठल्या कडेला आहे?

टूलरूमवाला

शाब्बास. आडव्या रेघा म्हणजे फटीवर धूळ बसली आहे. रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मार. कपड्याने पुसायचं नाही, तोंडाने फुंकायचं तर मुळीच नाही, थुंकीचा एक थेंब १० मायक्रॉनच्या फटीत धरणासारखा. डबा वापरत नसताना तोंड बंद ठेव.

कृत्तिका

अभिनंदन!! उरलेल्या रेघा इंटी बऱ्यापैकी काढून टाकतं. काळी रेघ वाकलेली असणं हे बिघाडाचं लक्षण नाही, लांब फट आणि ग्रेटिंग असलं की ती वाकतेच, सॉफ्टवेअर आधी तिचा वाक मोजतं आणि प्रत्येक ओळीत त्याप्रमाणे पिक्सेल उचलतं.

दिशेसाठी त्याच दिवसाचा उदयपूरचा फोटो काढा आणि शेजारी ठेवा. काळा धागा जुळेपर्यंत आपला फोटो उलटासुलटा करा. एकदा जुळलं की ती सेटिंग लिहून ठेवा, कॅमेरा हलवला नाही तर बदलत नाही. (हिशेबनीस, बघा उदयपूर उपयोगी पडलं.)

हिशेबनीस

बघतोय. ते सत्तेचाळीस हजार बहुतेक नवीन भागांचे. लेन्स चोर बाजारातून आणि चौघांनी मिळून ग्रेटिंग-फट मागवली तर शिपिंग वाटून पस्तीसच्या आत बसवता येईल असं दिसतं. कोणी आहे का? मी धरून दोन पाहिजेत, एक सायली मॅडमच्या शाळेला.

सायली_मॅडम

अहो!! आमच्या शाळेचं चाळीस रुपयांचं बजेट लक्षात आहे ना? पण नाही म्हणणार नाही.

पार्लेकर

मी आहे. चौथा चेंबूर_मेकर धरा, तो छापून देणारच आहे.

चेंबूर_मेकर

छापून देतो, फिलामेंटचे पैसे द्या. सगळ्यांनी दुर्बिणीची फोकल लेंग्थ कळवा, ४५० च्या बरीच पुढे असेल तर या फटीत सूर्य पूर्ण मावायचा नाही.

मुलुंडचा_रिकामटेकडा

रेघा गेल्या, दिशाही जुळली, लोळ पूर्वेच्या कडेला होता. आता शेवटचा प्रश्न. कॅल्शियमसाठी वेगळी ग्रेटिंग लागते का?

कृत्तिका

नाही, तीच. ३९३.४ नॅनोमीटरला यायला ग्रेटिंग साधारण २६ अंश फिरवावी लागते. दुर्बिणीचा फोकस पुष्कळ सरकेल, तुमची अ‍ॅक्रोमॅट जांभळ्यात नीट जुळत नाही, त्यामुळे तिथे हायड्रोजनइतकं तीक्ष्ण चित्र येणार नाही. आणि थंडीतल्या धुरक्यात जांभळा प्रकाश फार विखुरतो. पावसाने हवा धुतल्यानंतरचे ऑक्टोबरचे पहिले दिवस त्यासाठी राखून ठेवा.

मुलुंडचा_रिकामटेकडा

ठीक, कॅल्शियम ऑक्टोबरला. हिशेबनीस, ऑर्डरमध्ये माझी एक जादा फट लिहा, या फटीची फुग्याने साफसफाई करताना पुतण्या शेजारीच उभा असतो.